बोटावरची गुटी

मोहाळ्याच्या गटारांना नाकं बसवली तेव्हा गावाने आधी पोट धरून हसून घेतलं. नगरपालिकेला कामं उरली नाहीत, आता गटाराचा वास घ्यायला पगारी माणसं ठेवणार, असं चहाच्या टपऱ्यांवर बोललं गेलं. कागदोपत्री त्या यंत्राचं नाव हातभर लांब होतं, ते कोणाच्याच तोंडात बसलं नाही. चेंबरच्या झाकणाखाली बसवलेली मुठीएवढी राखाडी डबी, तिला सगळे 'नाक' म्हणू लागले आणि त्या नाकांची देखभाल करणाऱ्या सानिका माळवदेला 'नाकवाल्या बाई'. सानिकाही हसायची. आपल्या कामाला नाव ठेवायचं तर निदान गमतीचं ठेवलंय, म्हणायची.

हे सगळं रेवा जाण्याच्या आधीचं.

नाक खरं तर वास घेत नसे, वाचत असे. प्रत्येक जंतूच्या अंगात अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची एक माळ असते, निदान ज्या जंतूशी आपल्याला काम आहे त्याच्या अंगात तरी असते. खावं काय, वाढावं कसं, औषधाला चकवावं कसं, सगळं तिच्यात लिहिलेलं. नाकातल्या केसाहून बारीक छिद्रांतून ती माळ सरकली, की तिची अक्षरं ओळीने वाचली जात. मोहाळ्याची नाकं एकाच घराण्याच्या शोधात होती, साल्मोनेला. या घराण्यातले बरेचसे जंतू पोटात दंगा करतात, दोन दिवस माणसाला पळवतात आणि जातात. पण काही जण आतड्याची भिंत ओलांडून थेट रक्तात शिरतात. आफ्रिकेत त्यांच्यातल्याच काही भावंडांनी मलेरियाने आणि उपासमारीने खंगलेली तान्ही पोरं वर्षानुवर्षं उचलून नेली. आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा म्हणजे टायफॉइड, जुन्या माणसांचा मुदतीचा ताप. एके काळी जगभरात वर्षाला लाखभर माणसं या तापाने जात, त्यांत शाळकरी वयाची मुलंच जास्त.

टायफॉइडच्या जंतूची एक गोची आहे. त्याला माणसाशिवाय घर नाही. कोंबडी, गाय, उंदीर, कोणीच त्याला थारा देत नाही. माणसांतून हुसकावला की संपला. २०४१ साल उजाडेपर्यंत तो बऱ्यापैकी संपतही आला होता. मोहाळ्याचं पाणी स्वच्छ झालं होतं, गटारं जमिनीखाली गेली होती, नऊ महिन्यांच्या प्रत्येक बाळाला लस मिळत होती. उरले होते ते वाहक. शंभर जणांना टायफॉइड झाला तर त्यातले दोन-चार जण बरे होतात, पण जंतू त्यांच्या पित्ताशयात घर करून राहतो. पित्ताचे खडे असले तर त्या खड्यांवर चिकट थर धरून आरामात बसतो. माणसाला ताप नाही, काही नाही. खातो, पितो, हिंडतो आणि अधूनमधून जंतू बाहेर टाकत राहतो. मोहाळ्यात जो उरला होता त्याच्यावर कुठलंच औषध चालत नव्हतं. सिव्हिलमधल्या नर्सेसनी त्याचं नाव 'लोखंड्या' ठेवलं होतं.

लोखंड्याने दोन वर्षांत मोहाळ्यातली अकरा बाळं आजारी पाडली. सगळी नऊ महिन्यांच्या आतली, लसीच्या आधीची. त्यातली तीन गेली. तिसरी सानिकाची रेवा.

लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून सानिका रीतीप्रमाणे माहेरी, परीट गल्लीत आली होती आणि नवरा ओंकार 'राहा की अजून थोडे दिवस, आईंच्या हाताखाली बाळ बघ कसं गुटगुटीत झालंय' म्हणत दर रविवारी सासुरवाडीला जेवून जात होता. फेब्रुवारीत एका सोमवारी रेवाचं अंग तापलं. गुरुवारी ती गेली. पाच महिने आणि नऊ दिवसांची होती. सानिकाच्या फोनमध्ये तिचा एक व्हिडिओ होता. आजीचं बोट दोन्ही मुठींत घट्ट धरून चोखतेय आणि आजी हसत म्हणतेय, 'सोड गं बये, बोट खातीस का काय माझं!' तो व्हिडिओ सानिकाने किती वेळा पाहिला असेल त्याला गणती नाही.

सुतक फिटल्यावर ती कामावर परत आली. डॉ. नसीमा बागवान, तिच्या वरिष्ठ, प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या, "महिनाभर घरी राहा गं. मी सही करते रजेवर."

"घरी राहून काय करू मॅडम? याला शोधते. सापडू दे एकदा. त्याच्या दारात उभी राहून विचारणार आहे, बाबा, हात धुवायला तुझं काय जात होतं?"

असं विचारायची तिला परवानगी नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. वाहकाचं नाव गुप्त ठेवायचं, त्याच्याशी अदबीने बोलायचं, त्याला दोषी म्हणून नव्हे तर रुग्ण म्हणून वागवायचं, असा कायदाच होता. सानिकानेच तो नव्या पोरींना शिकवला होता.

*

लोखंड्या लबाड होता. वाहक रोज जंतू टाकत नाही. पंधरा दिवस टाकेल, दोन महिने गप्प बसेल. नाकं त्याची चाहूल देत आणि माग काढेपर्यंत तो गडप होई. जुलैच्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता सानिकाचा फोन वाजला. परीट गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नाकाने त्याला ओळखलं होतं.

परीट गल्ली म्हटल्यावर तिला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. रेवा तिथेच आजारी पडली होती, तेव्हा तो तिथलाच कोणीतरी असणार, हा हिशेब तिने कधीच मांडला होता. तिच्या मनात गल्लीच्या कोपऱ्यावरचा ताकवाला होता. बाळंतपणात त्याचं ताक ती स्वतः प्यायली होती.

हातातलं सुटं नाक घेऊन, सांडपाणी जिकडून येतं त्या दिशेने, ती एकेक झाकण उचलत वर निघाली. दोरीला बांधलेली डबी आत सोडायची, बारा मिनिटं थांबायचं, पडद्यावर उत्तर बघायचं. ताकवाल्याच्या खालचं चेंबर, जंतू आहे. ताकवाल्याच्या वरचं चेंबर, तरीही आहे. म्हणजे ताकवाला नव्हे. ज्या माणसाला पाच महिने मनातल्या मनात शिव्या घातल्या त्याने तिला बघून हात केला आणि तिने मान खाली घातली.

शेवटून दुसऱ्या चेंबरला जंतू होता. त्याच्या वरच्याला नव्हता. मधे तीन घरं सांडपाणी सोडत होती. एक बागलांचं, ते दोन वर्षं कुलूपबंद. एक कोळेकरांचं. एक छबूताईंचं, म्हणजे तिच्या आईचं.

कोळेकरांचंच असू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी देवाला सांगावं तसं आलं. कोळेकरांच्या अंगणात ती लहानपणी लगोरी खेळली होती, त्यांच्या सुनेला महिन्यापूर्वीच मुलगा झाला होता, आणि तरी तिने ते मागितलं. मग तिने कोळेकरांच्या दारापुढचं छोटं झाकण उचललं आणि डबी आत सोडली. बारा मिनिटांनी पडदा कोरा होता.

आईच्या दारापुढच्या झाकणावर रांगोळीची चार बोटं ओढलेली होती. छबूताई रोज सडा घातला की झाकणावरही रांगोळी काढायच्या. नुसतं लोखंड बरं दिसत नाही, म्हणायच्या. ते झाकण उचलायला सानिकाला दोनदा जोर लावावा लागला.

पडद्यावर उत्तर आलं तेव्हा तिला आधी काहीच वाटलं नाही. मग घरातून एका बाळाचा आवाज आला आणि ती चपला न काढता आत पळाली.

*

छबूताई नुकत्याच नाहून, धुतलेलं वस्त्र नेसून, पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर कोळेकरांचा महिन्याचा नातू, तेल लावून, शेकून लालबुंद झालेला. शेजारी सहाण, तिच्यावर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, खारीक आणि बदाम यांचे मोजून वेढे उगाळलेले. परीट गल्लीत बाळ जन्माला आलं की बाराव्या दिवशी नाव ठेवायचं आणि तेराव्या दिवसापासून छबूताईंच्या हातची गुटी सुरू करायची, हा गल्लीचा नेम होता. त्यांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. कुणाकडून त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं. चमच्याने गुटी दिलेली त्यांना आवडत नसे. बोटानेच द्यायची, म्हणजे पोराला माणसाचा हात कळतो.

गुटी लागलेलं बोट बाळाच्या ओठांपाशी पोहोचलं होतं.

"आई, थांब!"

छबूताई दचकल्या. बाळानेही भोकाड पसरलं. "अगं काय ओरडतीस? भ्यालं की पोरगं! आणि चपला घालून आत?"

"आज त्याला लस आहे. पोटात काही द्यायचं नाही." खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. "दे इकडं. मी नेऊन देते त्याच्या आईकडं."

"आणि ही गुटी? एवढी उगाळलीया."

"टाक."

"टाकायची कशापायी? मी चाटते की." आणि त्यांनी बोट तोंडात घातलं.

टाकणं हा शब्द छबूताईंच्या कोशात नव्हता. साखरेच्या पिशव्या धुऊन घडी घालून ठेवायच्या. शिळ्या भाकरीचा कुस्करा व्हायचा, लग्नपत्रिकांची मागची बाजू वाणसामानाच्या यादीला लागायची. घरातल्या कोणी ताटात घास ठेवला तर तो त्यांच्या पोटात जायचा. नवरा असताना नवऱ्याचं उष्टं, मग लेकीचं. कपाटावरच्या बिस्किटाच्या डब्यात औषधाच्या उरलेल्या गोळ्या साठवलेल्या असत, कुणाच्या तरी अर्ध्या राहिलेल्या. पोटाच्या उजव्या अंगाला दुखलं की त्यातल्या दोन घ्यायच्या, थांबलं की बंद.

सानिका त्या डब्याकडे बघत उभी राहिली. लहानपणापासून तो डबा तिथेच होता.

*

"बस," डॉ. बागवान म्हणाल्या. प्रयोगशाळेचं दार त्यांनी आतून लावून घेतलं होतं. "तुझ्या आईच्या नमुन्यातली अक्षरं आणि तीनही बाळांच्या रक्तातली अक्षरं तंतोतंत जुळतात. पोटाची सोनोग्राफी केली नाही अजून, पण खडे असणार. आणि औषधांना दाद न देणं, ते या जंतूने तिच्या पोटातल्या दुसऱ्या जंतूंकडून उसनं घेतलंय. अर्धवट गोळ्या घेत असेल ती."

"घेते."

"सानिका, अजून एक आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सांगते."

जंतूच्या माळेतलं एखादं अक्षर दर दोनेक वर्षांनी चुकून बदलतं. त्या चुका मोजल्या की जंतूचं वय काढता येतं, झाडाची वलयं मोजतात तसं. मेडिकल कॉलेजच्या जुन्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेले नमुने अलीकडेच वाचून काढले होते. डॉ. बागवानांनी लोखंड्याची वंशावळ मागे मागे नेली. तेरा अक्षरं मागे एक नमुना सापडला, साधा, सगळ्या औषधांनी मरणारा. साल २०१५. मुलगी, वय सात, परीट गल्ली, मोहाळे.

सानिकाला तो ताप आठवत होता. अठरा दिवस तोंडाला चव नव्हती. आई वाटीभर पेज घेऊन बसायची, ती दोन चमचे घेऊन मान फिरवायची, आणि उरलेली पेज आई तिथेच, त्याच चमच्याने संपवायची. पोरीचं उष्टं कोण टाकतं?

"म्हणजे माझ्यापासून तिला," सानिका म्हणाली, "आणि तिच्यापासून..." तिला पुढे बोलता येईना. डॉ. बागवान उठल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याही रडत होत्या; दहा वर्षांत तिने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "पत्र दुसरं कोणीतरी नेऊन देईल."

"नको. मीच देणार."

वाहकाला पत्र द्यावं लागे, समक्ष. त्यात उपचार लिहिलेला असे, दुर्बिणीने पित्ताशय काढणं आणि सोबत जंतूलाच खाऊन टाकणाऱ्या विषाणूंचा घोट, महिनाभर. तीन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत दुसऱ्यासाठी स्वयंपाक बंद, बाळांना भरवणं बंद. आणि कायद्याने शेवटी एक यादी असे, त्या जंतूने आजारी पडलेल्यांची. नावं नसत, फक्त दवाखान्यातले नोंदणीचे आकडे, आणि प्रत्येकापुढे 'बरे' किंवा 'मृत'. यादी यंत्रच छापत असे; तिच्यात हात घालता येत नसे. अकरा आकडे होते. पाचवा २२७. तो रेवाचा.

दुसरं पत्र गेलेल्यांच्या घरी जाई: उगम सापडला आहे, उपचार सुरू आहेत, नाव सांगता येत नाही. ते पत्र सानिकाने स्वतःलाच आणि ओंकारला लिहिलं, खाली सही केली आणि संध्याकाळी घरी नेऊन त्याच्या हातात दिलं.

ओंकारने ते दोनदा वाचलं. "कोण आहे?"

"सांगता येत नाही."

"मला पण नाही?"

"कोणालाच नाही."

"तू बघितलंस ना त्याला? कसा आहे? खातोय-पितोय ना व्यवस्थित?" त्याचा आवाज चढला. "माझी पोरगी गेली आणि तो जेवतोय, झोपतोय. तळतळाट लागेल त्याला माझा, सानिका. लागू दे."

"असं नको रे बोलूस," ती म्हणाली. ओंकारने तिच्याकडे असं पाहिलं जणू ती त्या माणसाच्या बाजूची होती. आणि ती होतीच.

*

पत्र घेऊन गेली तेव्हा छबूताई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. सानिकाने सगळं सांगितलं, नव्या पोरींना शिकवते त्याच क्रमाने. दोष तुमचा नाही. तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. हात धुऊनही नखाखाली तो राहू शकतो. शब्द तिचेच होते, पण आईला 'तुम्ही' म्हणून बसली तेव्हा छबूताईंनी चमकून वर पाहिलं.

"म्हंजे ती पोरं... माझ्या गुटीनं?"

"सगळी नाही. काही." त्या दिवसाचं हे पहिलं खोटं.

"शिंद्याचं पोरगं गेलं ते?"

सानिकाने पत्र तिच्यापुढे सरकवलं. छबूताईंनी हातातली पाकळी खाली ठेवली. नाहून, सोवळ्याने, देवाचं काम म्हणून जे केलं त्याचा हा हिशेब समोर आल्यावर माणूस किती लहान होतो, ते सानिकाने त्या दिवशी पाहिलं. आई बसल्या जागी आटली.

"सानू... रेवा?"

हा प्रश्न येणार, हे तिला ठाऊक होतं. चार दिवस ती याच प्रश्नाची तयारी करत होती. खरं सांगितलं तर ही बाई जगणार नाही, आणि जगलीच तर ते जगणं नसेल. आणि खोटं सांगितलं तर आपल्या लेकीच्या मरणाचं खरं कारण जन्मभर एकटीने गिळून बसायचं. न आईला, न नवऱ्याला.

"नाही आई. रेवाचा जंतू वेगळा होता. फेब्रुवारीतच सापडलेल्या दुसऱ्या माणसाचा." तिने आईच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "देवाशपथ."

छबूताई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. "मला कुठनं लागला म्हणायचा?"

हे तरी खरं सांगायचं, असं सानिकाने ठरवलं होतं. "माझ्याकडून. मी सात वर्षांची असताना. तू माझी उष्टी पेज खायचीस."

"व्हय?" छबूताईंचा चेहरा क्षणभर उजळला, खरोखर उजळला. "मग बरंच झालं की. तुझ्यातच ऱ्हायला असता म्हंजे?"

आपलं बोलून झाल्यावर त्यांनी लसूण पुन्हा हातात घेतला, आणि मग आपण काय धरलंय ते आठवल्यासारखा खाली ठेवला. "तूच सोल बाई," म्हणाल्या. "मी न्हाई हात लावत."

*

पित्ताशय निघालं. त्यात वाटाण्याएवढे नऊ खडे होते. विषाणूंचा घोट छबूताईंनी महिनाभर नाक मुरडून घेतला. गल्लीला सांगितलं की ऑपरेशन झालंय, आता उगाळण्याचं बळ हातात राहिलं नाही. बायका हळहळल्या. कोळेकरांचा नातू कुशीवर वळायला लागला, पालथा पडायला लागला, त्याला गुटीवाचून काही अडलं नाही. नाकांनी मोहाळ्यात लोखंड्याला पुन्हा ओळखलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत नऊ महिन्यांच्या आतलं एकही बाळ तापाने सिव्हिलला आलं नाही. डॉ. बागवानांना दिल्लीहून शाबासकी आली. ती त्यांनी सानिकाला दाखवली आणि पुन्हा फाइलमध्ये ठेवून दिली.

तिसरी तपासणी स्वच्छ आली त्या रविवारी सानिका एकटीच माहेरी गेली. ओंकार हल्ली येत नसे. त्याला कारण माहीत नव्हतं, पण घरात काहीतरी दडलंय, एवढं त्याला कळत होतं.

"आई, झालं. तिन्ही कोऱ्या. आता तू कोणालाही काहीही करून घालू शकतेस."

"बरं झालं," छबूताई म्हणाल्या, पण चुलीपाशी गेल्या नाहीत. "तूच कर पिठलं-भाकरी. आणि ट्रंकेतली जाड चादर काढ माझ्यासाठी. थंडी वाजतीया हल्ली दिवसा पण."

ट्रंक उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास आला. वर साड्या, खाली चादरी, त्याखाली टाकवत नाही म्हणून ठेवलेलं सगळं. सानिकाच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, वडिलांचा चष्मा. चादर ओढताना तिच्याबरोबर एक पाकीट वर आलं. वाहकाला दिलेलं पत्र. त्याची घडी जिथे होती तिथे काहीतरी जाड लागलं, म्हणून तिने ते उघडलं.

आत एक प्लास्टिकची पट्टी होती. दवाखान्यात बाळाच्या मनगटाला बांधतात ती. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी नर्सने ती कापून कचऱ्याच्या बादलीत टाकली असणार आणि छबूताईंनी उचलून घेतली असणार. तिच्यावर छापलं होतं, 'बेबी ऑफ सानिका, २२७'. आणि पत्रातल्या यादीत पाचव्या आकड्याखाली पेन्सिलीची एक रेघ होती. एकदाच ओढलेली नव्हती. पुन्हा पुन्हा, कागद फाटायला येईपर्यंत गिरवलेली होती.

आईला केव्हापासून ठाऊक होतं? ऑपरेशनच्या आधीपासून? त्याच रात्रीपासून? लेकीने देवाची शपथ घेतली, ती आपल्याला खरी वाटली असं लेकीला वाटावं म्हणून चार महिने ही बाई गप्प बसली होती. सानिकाने तोंडात पदर कोंबला आणि ट्रंकेच्या कडेवर डोकं टेकून रडली. मग पट्टी पुन्हा घडीत घातली, पाकीट होतं तिथे ठेवलं, डोळे पुसले.

देवघराच्या कोपऱ्यात तिची नजर गेली. सहाण तिथे नव्हती. फरशीवर नुसता तिच्या बुडाचा गोल फिका डाग होता. गुटीची पेटीही नव्हती. छबूताईंच्या सासूच्या सासूची सहाण होती ती. आयुष्यात त्यांनी टाकून दिलेली ती पहिली वस्तू असावी.

सानिकाने भाकरी थापल्या. छबूताई भिंतीशी, आपल्या वेगळ्या ताटात, वेगळा तांब्या घेऊन जेवायला बसल्या. तपासण्या स्वच्छ आल्या म्हणून त्यांनी ते काही सोडलं नव्हतं. अर्ध्या भाकरीवरच त्यांचा हात थांबला.

"झालं?"

"व्हय. जात न्हाई." त्यांनी ताट बाजूला सारलं. "टाक ते. कुत्र्याला बी नको घालूस."

सानिका उठली, आईच्या समोर जाऊन बसली आणि ते ताट तिने आपल्यापुढे ओढलं. आईच्या बोटांनी कुस्करलेलं पिठलं, आईने मोडलेली भाकरी. तिने घास केला आणि तोंडात घातला.

छबूताईंचा हात झटकन पुढे आला, ताटावर धरला. "सानू, नगं! माझं नगं खाऊस!"

सानिकाने तो हात हळूच बाजूला केला आणि दुसरा घास घेतला. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मग छबूताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता, आणि त्यांनी आपलं उजवं बोट डाव्या मुठीत धरलं.

"लई घट्ट धरायची गं," त्या म्हणाल्या. "दोनी हातांनी. सोडतच नव्हती."

"माहीत आहे, आई."

सानिकाने उरलेली भाकरी मोडली. ताटात काही राहू न देता ती सगळं जेवली, आणि मग बोटाने ताट निपटून घेतलं.